आयएसओ २५६०० च्या फ्रेममधली बाई

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं यांना कधीच जागा नव्हती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. अमावस्येला मुद्दाम आम्हा भावंडांना घेऊन स्मशानाच्या रस्त्याने फिरायला जायचे. बौद्ध घर, त्यात मास्तरांचं... प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला जेवणसुद्धा जात नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. पण ती फाइल माझ्या हार्ड डिस्कवर आहे, आणि ती उघडली की आजही मला एका जागी बसवत नाही!

माझा नांदेडला छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारसं, शाळांची स्नेहसंमेलनं — सगळं करते. गेल्या हिवाळ्यात मी एकसष्ट मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा घेतला. पहिल्याच दिवशी हळदीचे फोटो काढले, घरी येऊन कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम केले आणि रडायचीच बाकी राहिले. नुसते दाणे! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — उजेड कमी असला की कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी लागते. तिच्या आकड्याला आयएसओ म्हणतात. तो आकडा जितका मोठा तितके फोटोत रंगीबेरंगी दाणे जास्त. आम्ही त्याला नॉइज म्हणतो. माझ्या जुन्या चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातसुद्धा इतका नॉइज दिसत नव्हता. मी ठरवलं, हा कॅमेरा परत करायचा. सात दिवसांची मुदत होती.

मला हा धंदा ज्यांनी शिकवला ते रफीकचाचा मात्र ऐकायला तयार नव्हते. चाचा बासष्ट वर्षांचे. रोलच्या काळापासून लग्नं काढत आलेले. आता गुडघ्यांमुळे स्वतः काम घेत नाहीत, पण मोठं काम असलं की माझ्यासोबत येतात. त्यांचं म्हणणं, मी भिंतीला नाक लावून रंग कसा दिलाय ते बघतेय. एकसष्ट मेगापिक्सेल शंभर टक्क्यांवर बघणं म्हणजे भिंग लावून बघणं. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच मापाचे छापले तर नॉइज जवळपास सारखाच दिसेल, असं ते ठामपणे सांगायचे. मी म्हणायचे, पण मी एवढे पिक्सेल क्रॉप करण्यासाठीच घेतलेत ना! गर्दीच्या फोटोतून एकच चेहरा कापून मोठा केला की दाणेही मोठे होणारच. त्यावर ते म्हणाले, "मग मोजून ठरव, बेटा. कोणत्या आयएसओला किती कापता येतं ते एकदा लिहून ठेव, आन् मग परत कर."

तर ते मोजायला आम्ही थांबलो होतो. एवढंच.

जानेवारीतला दिवस. मुखेडला एक साखरपुडा उरकून आम्ही माझ्या गाडीतून नांदेडला परत निघालो होतो. मुखेडहून नायगावकडे येताना रस्त्याला लागूनच एक बोडकी टेकडी आहे. वरपर्यंत मुरुमाचा रस्ता जातो. संध्याकाळचे पाच वाजले होते. उन्हं कलली होती, खाली हरभऱ्याची आणि करडईची रानं, मधे बाभळी. चाचा म्हणाले, इथेच कर टेस्ट. लांबच्या बारीकसारीक गोष्टी फ्रेममध्ये आहेत, क्रॉपला चांगलं.

मी ट्रायपॉड लावला, एकशे पस्तीसची लेन्स लावली आणि चारेकशे मीटरवरच्या एका विहिरीवर फोकस घेतला. विहिरीला बुटका दगडी कठडा, बाजूला एक बाभूळ, मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी. माणूस कोणीच नाही. मग एकाच जागेवरून नऊ फोटो काढले. पहिला आयएसओ शंभरला, मग दोनशे, चारशे, असं दुप्पट करत शेवटचा पंचवीस हजार सहाशेला. कॅमेऱ्यातला नॉइज कमी करायचा पर्याय बंद, सगळ्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीच न सुधारलेल्या. दोन-तीन मिनिटांचं काम. मग गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून आम्ही एकेक फाइल उघडायला लागलो.

सोळाशेपर्यंत सुरेख. बत्तीसशेला सावलीत थोडे दाणे. चौसष्टशेला मी म्हणाले की लग्नाचा अल्बम इथपर्यंत चालेल, फक्त निम्म्याहून जास्त कापायचं नाही. चाचा खूश. मुद्दा त्यांचाच बरोबर ठरत होता, आणि मलाही आता मजा वाटायला लागली होती. शेवटची, पंचवीस हजार सहाशेची फाइल उघडली. अपेक्षेप्रमाणे कण्या सांडल्यासारखं सगळं. बाभूळ चरचरीत, कठडा चरचरीत, आकाशसुद्धा...

आणि कठड्यावर एक बाई उभी होती.

हिरवी साडी, वर पुरुषाचा पांढरा शर्ट — शेतात काम करताना आमच्याकडच्या बाया घालतात तसा. डोक्याला लाल टॉवेल. तोंड आमच्या टेकडीकडे, आणि एक हात मागे, खाली विहिरीकडे केलेला. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली. नऊ हजारांवर पिक्सेल रुंद फोटोत ती जेमतेम दीडशे पिक्सेल उंच होती, तरी बाही दिसत होती. कारण तिच्यावर नॉइज नव्हता.

मी परत लिहिते. तिच्यावर नॉइज नव्हता! तिच्या पायाखालचा दगड दाण्यांनी भरलेला, तिच्या खांद्यामागचं रान दाण्यांनी भरलेलं, आणि ती आयएसओ शंभरला काढल्यासारखी स्वच्छ. जणू कोणी धुऊन ठेवलीय. नॉइज सेन्सरवर येतो. तो माणूस बघून येत नाही, सगळ्या फ्रेमवर येतो. असं होऊच शकत नाही.

मी मान वर करून विहिरीकडे पाहिलं. कठडा रिकामा. लेन्समधून पाहिलं. रिकामा. आधीच्या आठ फाइल पुन्हा उघडल्या. आठही रिकाम्या. चाचांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले की कोणी बाई मधेच चढली असेल, उतरली असेल, त्यात काय. मीही तेच म्हणाले, पण मग नॉइज? माझ्या डोक्यात भूतबित काही नव्हतं हो. माझ्या डोक्यात फक्त एवढंच की हिच्या कपड्यांत असं काय आहे की सेन्सरने असा फोटो दिला! मला ती बाई शोधून तिचा शर्ट बघायचा होता. मी चाचांना गाडीत बसवलं आणि बांधाबांधाने गाडी जाईल तिथपर्यंत नेली, पुढे पायी.

विहिरीपाशी कोणी नव्हतं. चारी बाजूंना मोकळी रानं. एखादी बाई उतरून चालत गेली असती तरी आम्हाला दिसली असती. मी हाक मारली. काही नाही. परत वळणार तेवढ्यात चाचांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना काही ऐकू आलं होतं. मग मलाही आलं. पत्र्यावर नख घासावं तसा आवाज, विहिरीतून.

मी कठड्यावर पालथी पडून आत डोकावले. खाली, वीस-पंचवीस फुटांवर, मोटारीच्या पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारून एक बाई छातीएवढ्या पाण्यात लोंबकळत होती. ओठ निळे. बोलता येत नव्हतं. पाइपावर बांगडी घासत होती.

पुढचा अर्धा तास कसा गेला मला नीट आठवत नाही. चाचा कठड्यापाशी बसून तिच्याशी बोलत राहिले — आलो हाव, हात सोडू नको बेटी, आलो हाव — आणि मी धावले. दोन रानं पलीकडे एक पत्र्याचा आखाडा, म्हणजे शेतातली खोली, होती, तिथे हरभरा राखणारे तिघं भेटले. त्यांनी बाज आणि दोर घेतले. एकजण कमरेला दोर बांधून उतरला, तिला बाजेवर बांधलं आणि आम्ही सगळ्यांनी वर ओढलं. दोर ओढताना माझ्या तळव्यांची सालं निघाली.

बाज कठड्यावर टेकली. हिरवी साडी. पुरुषाचा पांढरा शर्ट. एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली. मी वाकून पुन्हा विहिरीत पाहिलं. लाल टॉवेल पाण्यावर तरंगत होता.

मी चाचांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. तिला गाडीत घालून मुखेडच्या दवाखान्यात नेलं.

तिचं नाव अनुसया. वय पंचेचाळीसच्या आसपास. तीन वाजता विजेची लाइन आली, मोटार पाणी ओढेना म्हणून ती बघायला आतल्या दगडावर उतरली आणि पाय सटकला. नवरा मारोतराव बाजाराला गेलेला, रात्री परतणार होता, मुलं पुण्याला. डॉक्टर म्हणाले, त्या गार पाण्यात आणखी तासभर राहिली असती तर हात सुटले असते. मी मुद्दाम विचारून घेतलं — विहिरीत उतरायच्या अगदी आधी तिने मारोतरावांना फोन केला होता आणि त्यांच्या मोबाइलवर त्याची वेळ तीन वाजून वीस मिनिटं होती. माझी फाइल पाच वाजून बारा मिनिटांची. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल म्हणाल, तर फोटोतली बाभळीची सावली बघा, ती संध्याकाळची लांब सावली आहे. आणि हो, त्या बाईचीही सावली होती. तेवढीच लांब, त्याच बाजूला. लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

म्हणजे फोटो निघाला तेव्हा अनुसयामावशी जवळजवळ दोन तास पाण्यात होत्या.

मी रात्र-रात्र ती फाइल उकलत बसले. पुण्याच्या एका ओळखीच्या इंजिनिअरला पाठवली, त्याने सरळ सांगितलं की ही जोडलेली आहे, दोन फोटो एकत्र केलेत. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. मग मला राहवेना. आठ दिवसांनी मी आणि चाचा परत गेलो. मावशी बऱ्या झाल्या होत्या. फोटोबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की तोच शर्ट घालून, डोक्याला टॉवेल बांधून, पाच वाजता कठड्यापाशी उभ्या राहा, मला कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायचीय. मारोतराव सोबत उभे राहिले. मी टेकडीवरून तेच नऊ फोटो काढले, तीच लेन्स, तेच सगळं. मग पंचवीस हजार सहाशेची फाइल उघडली.

मावशी दाण्यांनी भरलेल्या होत्या. दगडासारख्याच, बाभळीसारख्याच. बाही ओळखूसुद्धा येत नव्हती. जशी यायला पाहिजे अगदी तशी फाइल! चाचा हळूच म्हणाले, "कॅमेरा तर बरोबर हाय." त्यानंतर तो परत करायचा विषय निघालाच नाही, मुदतही टळून गेली होती.

आम्ही खाली उतरलो. मावशींनी चहा ठेवला होता. मला वाटलं, आता यांना सांगायला हवं. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्या पहिल्या दिवशीची पंचवीस हजार सहाशेची फाइल उघडली, क्रॉप मोठा केला आणि त्यांच्यापुढे धरला. मारोतराव म्हणाले, आजचाच फोटो ना हा? मी मान हलवली. मी म्हणाले, नाही, त्या दिवशीचा.

मावशींनी लॅपटॉप जवळ ओढला. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हीच होती," त्या म्हणाल्या. "कोणाला बोलले न्हाई मी. यांना बी न्हाई. ऊन विहिरीतून निघून गेलं तवा आली. वर कठड्यावर, माझ्याकडं पाठ करून उभी. म्या लई हाका मारल्या. म्हणलं, बाई, खाली बघ गं. बघंना. नुसती टेकडीकडं बघून राहिली. आवाज बसला तवरी मी हिलाच बोलवून राहिले."

मारोतरावांनी हातातला कप खाली ठेवला. चाचा उठून बाहेर गेले.

थंडीने अर्धमेल्या माणसाला भास होतात, मान्य. पण कॅमेऱ्याला थंडी वाजत नाही. आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे ती बाई बराच वेळ तिथे उभी होती. मग माझ्या आधीच्या आठ फ्रेम रिकाम्या का? हेही जुळत नाही. मी काहीच जुळवून सांगत नाहीये, जे झालं ते सांगतेय. वडिलांना सांगितलं तर ते तासभर फाइल बघत बसले आणि एवढंच म्हणाले की माहीत नाही असं म्हणायला लाजू नये, विज्ञान तिथूनच सुरू होतं. तर, मला माहीत नाही. भूत मी आजही मानत नाही. पण ज्या क्षणी मी शटर दाबलं त्या क्षणी त्या कठड्यावर काहीतरी होतं आणि त्याला आमच्याकडून काहीतरी हवं होतं, हे मला कोणीही खोटं पाडून दाखवावं.

निघताना अनुसयामावशी गाडीपर्यंत सोडायला आल्या. काच खाली करायची खूण केली, वाकल्या आणि अगदी साध्या आवाजात मला विचारलं, "पोरी, मी तर वर आले. मग ती कुठं गेली असंल?"