भाऊजी आणि जुन्या प्रती

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, आयुष्यात कुठलीच गोष्ट पुसली नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते आणि कॉलेजचा डिजिटल संग्रह त्यांनीच उभा केला होता. प्रबंध, वार्षिकांक, प्राध्यापकांचे लेख, सगळं त्यात. कुणी आपल्या लेखाची सुधारलेली प्रत आणली की भाऊजी ती अपलोड करायचे, पण जुनीही क्रमांक घालून तिथंच ठेवायचे, आणि शेजारच्या रकान्यात बदलाचं कारण लिहिल्याशिवाय समोरच्याला खुर्चीवरून उठू द्यायचे नाहीत. एकदा प्राचार्य वैतागून म्हणाले, "अहो, एक स्वल्पविराम काढलाय फक्त!" भाऊजी म्हणाले, "मंग तो कावून काढला, तेच लिवा न सर."

ही सवय कॉलेजच्या फाटकाशी थांबली असती तर ताई सुखी झाली असती. मुलीच्या लग्नपत्रिकेचे सगळे मसुदे भाऊजींनी असेच जपले होते. ऐन मांडवात त्यांचे चुलतकाका रुसले, माझं नाव एवढं खाली कावून? भाऊजींनी मोबाइल काढून चारचौघांत दाखवलं की आधीच्या मसुद्यात नाव वरच होतं, आणि 'धाकट्या भावाच्या शेजारी नको' असं काकांनीच फोनवर बजावल्यामुळे ते खाली आलं. काका पंगतीत जाऊन बसले. ताईशी वाद झाला तरी तऱ्हा हीच. "सकाळी तं तुमी वेगळंच म्हनलं होतं," ती म्हणायची. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "ते सकाळचं होतं. तेही हाये, हेही हाये."

बोलायला असा पक्का वऱ्हाडी माणूस, पण लिहिताना एकदम सोवळ्यात. एका वर्षी कॉलेजच्या विशेषांकात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनीही लिहावं असं ठरलं, आणि ताईनं आयुष्यातला एकुलता एक लेख लिहिला. वलगावचा आमचा झेंडूचा मळा, बाबांसोबत फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जाणं, असा. जशी बोलायची तसाच लिहिला. 'बाबा म्हने, फुलं झाकून ठेव वं, त्याईले वारा लागते.' भाऊजींनी त्याचं केलं, 'वडील म्हणत, फुले झाकून ठेव, त्यांना वारा लागतो.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'भाषाशुद्धी'. ताई हसली. म्हणाली, "तुमाले जसं वाटते तसं करा." अंकात भाऊजींचीच प्रत छापली गेली.

दोन वर्षांपूर्वी ताई गेली. यंदा कॉलेजनं संग्रह नव्या प्रणालीवर हलवायचं ठरवलं, आणि तिथं प्रत्येक लेखाची एकच प्रत जाणार होती, सर्वांत नवी; बाकीच्या पुसल्या जाणार होत्या. भाऊजी निवृत्त झालेले, तरी संग्रहाचं काम त्यांच्याच गळ्यात होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. ते प्राचार्यांशी भांडले, अर्ज करून दमले. मग अमरावतीला मला फोन आला, "एकदा ये वं अकोल्याले."

मी गेले तेव्हा टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर ताईच्या लेखाच्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी. बदललेलं जुनं लाल, नवं हिरवं. ताईकडचं अख्खं पान लाल झालं होतं.

"जुनं वाच," भाऊजी म्हणाले. "मोठ्यानं. मी वाचतो तं तिच्यासारखं होत नाही. तुमचा दोघीचा आवाज एक हाये."

मी वाचू लागले. बाबांच्या वाक्याशी थांबले, तर ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "थांबू नको."

लेख संपला. प्रतींचा क्रम ज्यांनी कधी कुणाला मोडू दिला नाही, त्या भाऊजींनी ताईची पहिलीच प्रत उचलली आणि सर्वांत नवी म्हणून पुन्हा अपलोड केली. कारणाच्या रकान्यापाशी त्यांची बोटं बराच वेळ घुटमळली. शेवटी त्यांनी टाइप केलं, 'हिचंच बरोबर होतं.'

"तुमची प्रत मंग आता जाईन, भाऊजी," मी म्हटलं.

"जाऊ दे."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. मग विचारलं, "बस केव्हाची हाये तुयी?"

"हाये अजून वेळ."

"मंग तो बाजाराचा भाग आनखी एकडाव वाच न."

मी खुर्ची जवळ ओढली.