कोट फिरवायला येणारे दाजी

दाजी माणसांना अरे-तुरे करत आणि कपड्यांना अहो-जाहो. मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा माझ्या पिशवीतून आजोबांच्या कोटाची बाही बाहेर लोंबत होती. दाजी लगबगीने उठले, कोट दोन्ही हातांवर घेतला आणि म्हणाले, "या, बसा. लांबनं आला." कोटाला त्यांनी खुर्ची दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू का उभी? त्या फळीवर टेक की." मी कॉलेजात शिकणारी, स्वतःला बरीच शहाणी समजणारी मुलगी. निमूट फळीवर टेकले.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सांगलीला विश्रामबागेत आमच्या कॉलेजच्या रस्त्याला दाजींचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. त्याआधी कितीतरी वर्षं ते माधवनगरच्या एका गिरणीत कापडातले दोष हेरायच्या कामावर होते. "लेकी नांदायला धाडल्या आन् एकीचंबी पत्र न्हाई, तसं झालं बग त्या कापडाचं," असं ते म्हणायचे; हातांखालून गेलेल्या कापडाचं पुढे काय झालं, ते त्यांना कधी कळलं नव्हतं. देवादिकांच्या तसबिरी ते पोटासाठी मढवत. जीव होता तो लोकांनी जपून ठेवलेल्या कपड्यांत. त्यांना खिळा चालत नसे, खळ चालत नसे. बारीक टाक्यांनी कपडा टाचायचा आणि काच त्याला टेकू द्यायची नाही. एकाने आईचं लुगडं डाग काढून, इस्त्री करून आणलं, तर दाजींनी ते परत केलं. "डाग हुता तवर तुज्या आईचं हुतं. आता नुसतं लुगडं हाय," म्हणाले.

रिकामा कपडा मढवणं त्यांना मान्य नव्हतं. आत कापूस भरून ते त्याला मूळ मालकाचा आकार देत आणि त्यासाठी मालकाची सगळी चौकशी करत. एका बाईंनी मुलाची तान्हेपणीची कुंची आणली. मुलगा आता बँकेत साहेब झालेला. दाजींनी त्याला बोलावून घेतलं, डोक्याभोवती टेप फिरवला आणि बराच विचार करून म्हणाले, "लय वाढलंय. आत काय हाय ते सांग, म्हंजे तसा कापूस घालतो." साहेब तरातरा निघून गेले. कुंची मात्र अशी मढली की त्या बाई येता-जाता काचेवरून हात फिरवत.

आमचा कोट मात्र भलत्याच भानगडीत अडकला होता. आजोबा पलटणीतून हवालदार होऊन कडेगावला परतले ते हा खाकी लोकरी कोट घालून, आणि पुढे उसाला पाणी पाजतानाही त्यांनी तो अंगावेगळा केला नाही. ते गेल्यावर माझे वडील आबा आणि चुलते नाना यांची वाटणी झाली. रान वाटलं, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, घरात मधोमध भिंत आली. कोट तेवढा राहिला, आणि दोघांनाही तोच हवा होता. शेवटी पंचांनी तो उभा कापून निम्मा-निम्मा द्यायचं ठरवलं. शिंप्याने पाठीवर खडूची रेघसुद्धा मारली. तेव्हा आईने कोट गुपचूप माझ्या पिशवीत कोंबला आणि मला सांगलीच्या एस्टीत बसवून दिलं.

ती रेघ पाहून दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यास्नी कापणार हुते व्हय?" एवढंच म्हणाले. पुढच्याच रविवारी ते कडेगावात हजर झाले, कोटाला एस्टीत खिडकीची जागा देऊन. कोट मांडीवर घ्या म्हणणाऱ्या कंडक्टरला त्यांनी विचारलं होतं, "हवालदारास्नी मांडीवर बसवू व्हय?"

घरी आल्या आल्या त्यांनी दोघा भावांना वेगवेगळं गाठून विचारलं, "म्हाताऱ्याचा कंचा खांदा पडका हुता?" आबा म्हणाले डावा, नाना म्हणाले उजवा. दाजींनी दोन्ही खांदे पाडले. त्यामुळे आजोबा फारच खचलेले दिसू लागले, पण भांडणाला जागा उरली नाही. मग त्यांनी मधल्या भिंतीला खिडकीएवढं भोक पाडायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी काच असलेली जाडजूड सागवानी चौकट त्यात बसवली. आत मांजरपाटाचं कापूस भरलेलं धड, त्यावर कोट. दोन्ही घरांना आजोबा मिळाले. आबा थोरले म्हणून कोटाची पुढची बाजू आमच्याकडे आली, आणि लगेच पलीकडून नानांचा आवाज आला, "मी काय जल्मभर पाठच बगायची व्हय?" तेव्हा ठरलं, दर गुढीपाडव्याला कोट फिरवायचा.

फिरवायला दाजीच येत. चौकट जड आणि भिंतीत घट्ट. ते आमच्या सोप्यातून ती चार बोटं ढकलत, मग दाराबाहेर पडून, बोळातून वळसा घालून नानांच्या घरात शिरत, तिथून चार बोटं ओढत आणि पुन्हा आमच्याकडे पळत येत. अशी ती भोकातून पलीकडे निघाली की तोंड फिरवून तशीच पुन्हा आत सरकवत. साठी उलटलेला माणूस धोतराचा सोगा धरून दोन घरांत धावतोय आणि दोन धडधाकट भाऊ आपापल्या बाजूला हाताची घडी घालून उभे आहेत, हे पाहायला सगळी आळी जमायची. पहिल्या वर्षी आबा पुढे झाले तर दाजींनी त्यांना अडवलं. "एकट्याचा हात नको. दोगं एकदम लावणार असला तर लावा, न्हाईतर मी हाय." आबांनी भिंतीकडे पाहिलं आणि मागे सरले.

असे चार पाडवे गेले. भावाभावांत शब्द नव्हता, दाजींना मात्र दर वर्षी जास्त धाप लागायची. मी एकदा चिडून म्हटलं, "दाजी, हे दोघं काही हात लावत नाहीत. तुम्ही कशाला मरता?" ओट्यावर बसून वारा घेत ते म्हणाले, "आगं, हवालदार बगत्यात न्हवं. त्येंच्यासमोर कसं न्हाई म्हनू?"

पाचव्या वर्षी पाडव्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या सुनेचं कार्ड आलं. दाजी गेले होते. दुकानातच, बसल्या जागी, मांडीवर कुणाचं तरी झबलं होतं. मी खूप रडले. माझं त्यांचं नातं काय, हे मला कुणाला सांगता आलं नसतं.

पाडव्याला दारात गुढी उभी राहिली. त्या वर्षी कोटाचं तोंड आमच्याकडे होतं, म्हणजे आता पाळी नानांची. दुपारपर्यंत आबा चौकटीसमोर येरझारा घालत राहिले. मग त्यांनी तिला दोन्ही हात लावले आणि ढकललं. ती हलेना. त्यांनी पुन्हा जोर लावला आणि चौकट एकदम सैल सुटली. पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

"दमानं," नानांचा आवाज आला.

"दमानंच ढकलतुया," आबा म्हणाले.

चौकट नानांच्या सोप्यात उतरली आणि भिंतीत नुसतं भोक उरलं. त्यातून दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. हे बघायला दाजी नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं.

"दाजी गेलं," आबा म्हणाले.

"व्हय. मलाबी कार्ड आलं." नानांनी उपरण्याने काच पुसली. "आता दर साली ह्ये फिरवायचं कुनी?"

आबांनी भोकाच्या कडेवर हात टेकले. मग म्हणाले, "तू हाईस, मी हाय. दुसरं कोन ऱ्हायलंय आपल्याला?"