धुरपताबाईची फणी

आमच्या कामठ्यात एखाद्या पोरीनं वर्गात डोकं खाजवलं, की संध्याकाळी ती धुरपताबाईच्या ओट्यावर बसलेली दिसते. मांडीवर पांढरं फडकं, हातात लाकडी फणी आणि तोंडाचा पट्टा चालू, असा बाईचा थाट. दोन नखांत ऊ चिरडल्याचा आवाज आल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. गल्लीतल्या सगळ्या पोरी तिच्याच.

माझी टीना तर शाळा सुटली, की तिलाच बिलगून असायची. पण टीनाच्या उवा काही हटेनात. बाई डोकं साफ करायची, आठ दिवसांत त्या पुन्हा हजर. माझं डोकंच फिरलं. रविवारी छोटेलालकडे नेऊन केस कापून आणते, असं मी सांगून टाकलं. टीनाचे केस कमरेपर्यंत. ती धड जेवेनाशी झाली.

मला वाटलं, उवा घरातच कुठंतरी असणार. उशांचे अभ्रे उकळले, कंगवे गरम पाण्यात टाकले, गाद्या अंगणात आणून झोडपल्या. धुरपताबाई ओट्यावरून बघत होती.

"नूतन, गादीले कायले मारून राहिली वं? डोक्याबाहेर ऊ दोन दिवस जगत नाही. कोनाच्या तरी डोक्यातूनच येऊन राहिली. ते डोकं पाह्य."

मी सासूबाईंचं पाहिलं, नवऱ्याचं पाहिलं, माझं जावेकडून पाहून घेतलं. कुठंच काही नाही.

रविवारी टीनाला न्यायला गेले, तर ती बाईच्या गळ्यात पडून रडत होती. दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली. मी तिथंच थबकले.

"मावशी, तुह्यं डोकं कोन पाह्यते?"

बाईनं पदर पुढं ओढला. म्हणाली, "बहीन पाहे. ते गेली. आता कोन पाह्यते?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही पोरी तिच्यापुढं बसवत आलो, तिच्या मागं कोणी बसलं नाही. मी फणी घेतली आणि बसले. पहिल्याच फणीत फडक्यावर पाच उवा पडल्या. टीना रडणं विसरून मोजायला लागली.

छोटेलालकडे जायचं राहूनच गेलं. आता दर रविवारी धुरपताबाई माझ्यापुढं डोळे मिटून बसते. महिना झाला, फडकं कोरंच निघतं. तरी मी उठायला लागले, की म्हणते, "आखीन एकडाव पाह्य वं."