फोन कापायची तालीम

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. चाव्या करणारा आणि इस्त्रीवाला यांच्या मधोमध, जिन्याखाली त्याचं दुकान आहे. आत दोन माणसं आली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा मला या धंद्यातलं बरंच जास्त कळतं. गिऱ्हाईकं त्याला 'भाऊ' म्हणतात. मी काय म्हणते ते त्या दिवशीच्या माझ्या डोक्यावर अवलंबून असतं.

त्याची गिऱ्हाईकं बहुतेक पिकल्या केसांची. मुलं लांब, गुडघे कुरकुरणारे, आणि घरात मुलानं घेऊन दिलेला कॉम्प्युटर. ही माणसं जड डबा उचलून दुकानात कशी येणार? म्हणून धाकट्यानं युक्ती काढली. प्रत्येकाच्या मशीनमध्ये एक प्रोग्राम घालून ठेवला. त्यांनी बटण दाबायचं, पडद्यावर नऊ आकडी नंबर येतो तो फोनवर वाचून दाखवायचा, की हा दुकानात बसून त्यांचं मशीन चालवू शकतो. आणि नुसता प्रोग्राम घालून थांबला नाही हा शहाणा. एकेकाला समोर बसवून घोकून घेतलं. "फोन आला की घाबरायचं नाही. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. मी सांगतो तेवढंच करायचं आणि मग हात मांडीवर." वर दर महिन्याला आपणहून फोन करायचा, काही अडलंय का विचारायला. पैसे नाममात्र. मी त्याचं कौतुकच केलं होतं, खोटं कशाला बोलू?

एका बुधवारी सकाळी सिस्टर दुकानात आल्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहतात, दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. काठी टेकत आल्या, पर्स उघडली आणि म्हणाल्या, "कालच्या कामाचे किती द्यायचे रे?"

"कालचं कुठलं काम?" धाकटा म्हणाला.

"अरे, दुपारी फोन केलास ना? कुणीतरी मशीनमध्ये शिरलंय म्हणालास. तासभर खपलास की."

धाकट्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

काय झालं ते त्यांनी रुग्णाचा तक्ता वाचावा तसं क्रमानं सांगितलं. "दुकानातून बोलतोय," असं म्हणणाऱ्याचा फोन आला. बाईंनी बटण दाबलं, नंबर वाचला. "बँकेचं खातं सुरक्षित आहे का बघू," म्हणाला म्हणून तेही उघडून दिलं. मोबाइलवर आकडे आले, तेही वाचून दाखवले, एकदा नाही, पाच वेळा. पडदा काळा झाला तेव्हा "साफसफाई चालू आहे, हात लावू नका," असं सांगितलं. बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. शेवटी त्याला धन्यवादही दिले.

खात्यात ऑपरेशनचे पैसे होते. त्यातली दमडीही उरली नाही.

बँक झाली, पोलीस झाले. अर्ज धाकट्यानंच भरले, आणि बाईंच्या नंबराखाली दुकानाचाही नंबर घातला. ऑपरेशनची तारीख रद्द झाली. बाईंनी एक वाकडा शब्द काढला नाही. उलट मी घरी सोडायला गेले तेव्हा जिना चढताना मला म्हणाल्या, "तो शिकवतो तसंच केलं गं मी. अगदी तसंच." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर धाकट्याला सोसलं असतं.

दोन दिवस तो धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, दुकान बंद करतो. चोरांना मीच गडी तयार करून दिलेत."

माझं डोकं फिरलं. "बंद करून काय दिवे लावणार आहेस? एकशेचाळीस घरांत तू हे शिकवून ठेवलंयस. त्यांना कोण सांगणार, तुझा काका? शिकवलंस ना, आता विसरायला लाव."

त्यानं मुकाट्यानं यादी काढली. महिनाभर घरोघर हिंडला. प्रत्येक मशीनमधून तो प्रोग्राम काढला आणि फोनशेजारी ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'कॉम्प्युटरबद्दल कुणीही फोन केला, अगदी मी केला तरी, फोन ठेवा.' पण नुसत्या कागदानं काय होतंय? म्हणून तालीम ठरली. चोर मी व्हायचं.

आणि देवाशप्पथ, मी चोर फक्कड झाले. आवाज बदलून, साखरेत घोळून बोलायचे, मग एकदम घाबरवायचे. पण ही माणसं इतकी भली, की फोन काही ठेवता ठेवेनात. एक निवृत्त कारकून सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, तुमची हरकत नसेल तर मी आता फोन ठेवू का?" चोराची परवानगी! एका आजींनी तर मला ओळखलंच. "घसा बसलाय गं तुझा, गरम पाणी पी," म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. पण चिकाटी सोडली नाही. पंधरा दिवसांत निम्मेअधिक लोक माझ्या तोंडावर फोन आपटायला शिकले, आणि काहींना त्यात मजा यायला लागली.

खरी पंचाईत पुढे होती. माझा फोन आपटत होते, पण धाकट्यानं स्वतः केला की सगळे विरघळायचे. "भाऊचा फोन कसा ठेवायचा?" सिस्टर त्यात पहिल्या. त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढून त्यावर चादर घातली होती, पण धाकट्यानं तालमीचा फोन केला की शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. "आपटा फोन, सिस्टर," हा ओरडायचा. "तुझा नाही रे जमत," त्या म्हणायच्या. आठ वेळा प्रयत्न झाला, आठही वेळा हेच. शेवटी त्यानं नाद सोडला.

मग एका शुक्रवारी दुपारी तीन वाजता दुकानात बँकेचा फोन आला. चोरांच्या एका खात्यात सिस्टरच्या पैशांचा मोठा भाग बँकेनं अडकवून ठेवला होता. बाईंनी आज बँक बंद व्हायच्या आत स्वतः येऊन सही केली तर तो परत मिळणार, नाहीतर तो अटकाव उठून पैसे हातचे जाणार. "त्यांना सकाळपासून तीनदा फोन केला," पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "दर वेळी कापतात."

धाकट्यानं लगेच सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, मी बोलतोय, बँकेतून—" कट. तो रिसीव्हरकडे बघत राहिला. "ताई, कापला! कापला की गं!" पोरासारखा हसला. मग पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा लावला तर नुसतंच एंगेज. बाईंनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला होता, आणि मोबाइल तर त्या मंगळवारपासून बंदच होता. साडेतीन होत आले होते. त्याचं हसू मावळलं आणि तो होता तसा, चपला न घालता पळाला.

मी घड्याळाकडे बघत बसले. चार वाजता बँक बंद होते. बाईंच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या आणि तो गुडघा डोळ्यांपुढे आला की जिवाचं पाणी व्हायचं. कधी नव्हे ते मी एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे जास्त दिले.

साडेचारला तो आला. पाय धुळीनं माखलेले. स्टुलावर बसला, पाणी प्यायला. "झाली सही," म्हणाला. "पाच मिनिटं राहिली होती. शेवटचा मजला मी पाठीवर घेतलं त्यांना. सगळे नाही, पण ऑपरेशनपुरते येतील."

माझा जीव भांड्यात पडला. "मग तोंड का असं?"

"बाहेरच्या बाकावर बसलो होतो दोघं. मी विचारलं, सिस्टर, माझा आवाज ओळखला नाहीत का?"

"मग?"

"म्हणाल्या, ओळखला ना. पहिल्या शब्दाला ओळखला. त्या मंगळवारीसुद्धा असाच, तुझा म्हणूनच ओळखला होता."

तो चष्मा काढून पुसत राहिला.

"शाबासकी दिलीस की नाही त्यांना?" मी विचारलं.

"दिली," तो म्हणाला, आणि मग माझा बावन्न वर्षांचा भाऊ गल्ल्यावर डोकं टेकून रडला.