दोन सुया आणि वहिनींचं स्टिअरिंग

निखिल माझ्याशी मराठीत बोलला, तेव्हाच मला काय ते कळलं. एरवी हा माझा पुतण्या फोनवर "हाय काका" एवढं म्हणतो आणि पुढचं सगळं इंग्रजीत, तेही इथल्या लोकांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावलेलं. त्या मंगळवारी सकाळी मी पाया लेबारच्या एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनातून बाहेर पडून ऑफिसकडे निघालो होतो. फोनवर तो म्हणाला, "काका, आई उठत नाहीये..." मी तसाच मागे फिरलो. सुनंदावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, झोपेतच गेल्या होत्या. चेहऱ्यावर त्रासाची खूणसुद्धा नव्हती. आता महिना होऊन गेला, दिवसकार्य झालं, भेटायला येणारे थांबले, आणि मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतंय. रडकं लिहिणार नाही. तसं लिहिलं तर त्या वरून म्हणतील, "भाऊजी, पुरे झालं. नाक पुसा."

दादा गेला तेव्हा वहिनी बावन्न वर्षांच्या होत्या. त्याची गाडी पासिर रिसला त्यांच्या राहत्या इमारतीच्या बहुमजली कार पार्कमध्ये धूळ खात उभी होती. सगळ्यांचं म्हणणं, विकून टाका. वहिनींनी मात्र ड्रायव्हिंगचा क्लास लावला. दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या आणि लायसन्स देवापुढे ठेवून मला पेढे द्यायला आल्या. त्यानंतर आमच्या मराठी मंडळींत कोणाला काय लागेल तिथे वहिनींची गाडी हजर. पुण्याहून नव्या नोकरीवर आलेलं जोडपं विमानतळावरून आणायचं असो, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असोत, नाहीतर तीन महिन्यांसाठी आलेल्या एखाद्या सासूबाईंना देवळात न्यायचं असो. पुढच्या कप्प्यात चिवड्याचा डबा असायचाच. त्यांच्या गाडीत बसून उपाशी उतरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांच्या सांध्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. पोळ्या लाटता येत, भांडी उचलता येत, पण स्टिअरिंगचा तो बारीक, गुळगुळीत प्लॅस्टिकचा गोल काही हातात ठरेना. वळणावर एकदा हात निसटला आणि गाडी फुटपाथच्या कडेला घासली. कोणाला काही झालं नाही, पण शेजारी निखिल बसलेला होता. घरी येऊन तो म्हणाला, "आई, सेल द कार लाह. एमआरटी इज जस्ट डाउनस्टेअर्स." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एमआरटी मला नेते रे. गाडीत मी माणसं नेते." बऱ्याच वादावादीनंतर निखिलने अट घातली. एका रविवारी तो शेजारी बसेल, त्या गाडी चालवतील. हात पुन्हा निसटला तर गाडी त्याच आठवड्यात विकायची, त्यावर चर्चा नाही. पोरगं शहाणं आहे, त्याला आईची काळजी होती. पण गाडी गेली तर वहिनींचं काय होईल, ते त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि म्हणून मी मध्ये पडलो.

डॉक्टरांनी सहज सांगितलं होतं, की पकड जाड असेल तर बोटं कमी वळवावी लागतात. मग ठरलं, स्टिअरिंगला चांगलं चामड्याचं कव्हर घालायचं. मी पडलो हिशेबनीस माणूस. फितीने गोलाचा व्यास मोजला, जाडी मोजली, खात्रीसाठी तीन-तीन वेळा मोजलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ब्लाउज शिवायला टाकतोय का आपण?" माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे चिनी अंकल. त्यांनी आधी रबरासारखं ताणून बसवायचं कव्हर दाखवलं आणि स्वतःच बाजूला टाकलं. "धिस वन टर्न इन युअर हँड. नो गूड." मग त्यांनी शिवायची कव्हरं काढली. कडेने भोकं पाडलेली चामड्याची लांब पट्टी, सोबत दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. वहिनींनी डोळे मिटले आणि साडीचा पोत बघावा तसा एकेका कव्हरावरून अंगठा फिरवला. सर्वांत जाड कव्हर त्यांना आवडलं. "कशाचं आहे हो हे?" त्यांनी मला विचारलं, मी अंकलना. "काऊ," अंकल अभिमानाने म्हणाले, "बेस्ट वन लाह." गाईचं म्हटल्यावर वहिनींनी हात मागे घेतला.

मी म्हणालो, "वहिनी, पायात कोल्हापुरी घालून आलात, ती काय केळीच्या पानाची आहे?"

"पायातलं पायात, भाऊजी. हे हातात धरून रोज डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार करायचा असतो मला."

झालं! अंकलनी शेळीच्या चामड्याचं काढलं. सुरेख, मऊ, पण पातळ. वहिनींनी तेच घेतलं. पातळ असलं तर खाली अस्तर घालू, म्हणाल्या. माहेरी साताऱ्याकडे आईच्या हाताखाली त्यांनी ढिगाने गोधड्या शिवलेल्या. पातळ गोष्ट जाड कशी करायची हे त्यांना कोण शिकवणार? त्यांनी दादाचा एक जुना सुती सदरा फाडला, त्याच्या पट्ट्या स्टिअरिंगवर गुंडाळल्या आणि वर चामडं चढवून आम्ही शिवायला बसलो. कव्हरासोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की आधी स्टिअरिंग पुसून तेलकटपणा काढा आणि मध्ये काहीही घालू नका. मी ते वाचलं होतं. पण दादाचा सदरा, वहिनींचा उत्साह... मी तोंड उघडलं नाही. कार पार्कच्या सर्वांत वरच्या मजल्यावर उन्हात गाडी लावलेली, ऊन लागून चामडं सैलावलेलं, वहिनी ड्रायव्हरच्या जागी, मी शेजारून आत वाकलेलो. अर्धा गोल त्यांनी शिवला, अर्धा मी. त्यांचा टाका एकसारखा आणि घट्ट. माझा टाका बघून त्या म्हणाल्या, "मुंगळ्यांची रांग वाट चुकली वाटतं."

रविवारी निखिल शेजारी बसला, मी मागे. कार पार्कच्या उतारावरच्या पहिल्या वळणावर वहिनींनी स्टिअरिंग फिरवलं आणि कव्हर फिरलं, चाकं नाहीत. आतला सदरा सुळकन सरकला होता. त्यांनी वेळेत ब्रेक दाबला. निखिल फक्त म्हणाला, "आई, इनफ लाह." वहिनींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. ते मला बघवेना. मी म्हटलं, "निखिल, चूक माझी आहे. कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं होतं, आणि गप्प बसलो. परीक्षा तुझ्या आईची नाही, माझी झाली. एक रविवार अजून दे." त्याने हँडब्रेक ओढून घेतला. मग म्हणाला, "वन मोअर."

त्याच आठवड्यात मी ऑफिसातून लवकर निघालो आणि आम्ही पुन्हा अंकलकडे गेलो. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, सदऱ्याचं ऐकून हसले आणि त्या जाड कव्हराकडे बोट दाखवलं. वहिनींनी त्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "घ्या हो. गणपतीला समजतं. त्याचं स्वतःचं वाहन बघितलंत ना? एवढा मोठा देव उंदीर चालवून घेतो." या वेळी स्टिअरिंग स्पिरिटने पुसलं, कागद मी मोठ्याने वाचला, आणि प्रत्येक ओळीला वहिनी शाळेतल्यासारख्या "हो गुरुजी" म्हणाल्या. टाके मात्र बहुतेक त्यांनीच घातले. दहा टाके घातले की बोटं चोळायच्या, पुन्हा सुई उचलायच्या. मी "द्या इकडे" म्हटलं तर म्हणायच्या, "तुमचा टाका सुटला तर निखिल मला नापास करेल."

दुसऱ्या रविवारी आम्ही पासिर रिसच्या समुद्राकडे निघालो. कव्हर तसूभर हललं नाही. तरी वहिनींची नजर रस्त्यावर कमी आणि शेजारच्या परीक्षकाकडे जास्त. एका सिग्नलला तर हिरवा झालेला त्यांना कळलाच नाही. थोड्या वेळाने बघतो तर निखिलची मान खिडकीला टेकलेली, डोळे मिटलेले. साहेब चक्क झोपले होते! त्यानंतर वहिनींनी गाडी अशी चालवली, जणू मांडीवर तान्हं मूल असावं. समुद्र झाला, परतीचा रस्ता झाला, कार पार्कचा तो चढही झाला. गाडी जागेवर लावून त्यांनी मागे वळून मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, आणि खुणेनेच वर जाऊन चहा टाकायला सांगितलं. मी हळूच दार लावून गेलो. दहा मिनिटांनी मायलेक वर आले. निखिल म्हणाला, "ओके लाह, कीप द कार." ज्याच्या गाडीत परीक्षक झोपतो त्याला याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं, असं मी पुढे चारचौघांत कितीदा सांगितलं असेल. वहिनी नुसत्या हसायच्या.

पुढे दोन वर्षं त्या गाडीने माणसं नेली. जायच्या आधीच्या शनिवारीसुद्धा त्या कोणाच्या तरी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या.

इथे गाडी ठेवायला लागणारं दहा वर्षांचं सरकारी परमिट आता संपत आलंय, म्हणून ती परवा मोडीत द्यायची आहे. निखिल म्हणाला, कव्हर काढून घेऊ या. काल दुपारी आम्ही दोघं गाडीत बसलो, मी ब्लेड घेऊन त्यांच्या जागेवर, तो शेजारी. माझे चार-सहा टाके नुसत्या ओढीने निघाले. त्यांचे एकेक करून कापावे लागले. जिथे त्यांचे हात असत तिथे चामडं काळं, तुकतुकीत झालंय. मी सवयीने म्हणालो, "तू तर झोपला होतास म्हणा परीक्षेच्या दिवशी."

"नाही, काका." तो मराठीतच बोलत होता. "ती सारखी माझ्याकडे बघत होती, रोडकडे नाही. म्हणून मी डोळे बंद केले. आय वॉन्टेड हर टू पास."

मी ब्लेड खाली ठेवलं. मी विचारलं, "मग उघडलेस कधी?"

"तुम्ही वर गेलात ना, तेव्हा आई म्हणाली, 'गेले भाऊजी. आता उघड डोळे, आणि सांग, पास का?'"