न उमटलेले सात अंगठे

कोंडाबाईला दवाखान्यात फरशी पुसायला ठेवलं होतं, बोलायला नव्हे. पण हैदराबादच्या वेशीबाहेरच्या त्या क्षयाच्या दवाखान्यात गोंडी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. तिचं माहेर किनवटच्या डोंगरपायथ्याचं. बाजारच्या दिवशी गोंडांची पोरं डोंगर उतरून यायची आणि गावातल्या इतर पोरी जिच्या सावलीला उभ्या राहत नसत, ती महारवाड्यातली कोंडी त्यांच्यात दिवसभर खेळायची. लग्नानंतर देवरावांच्या मागं ती शहरात आली, चिक्कडपल्लीत नाल्याकाठी खोली करून राहिली, कामापुरती दख्खनी शिकली, मोडकी तेलुगूही शिकली. गोंडी मात्र तिला शिकावी लागली नव्हती, म्हणून विसरलीही नव्हती.

छप्पन सालच्या पोळ्याच्या सुमारास किनवटकडच्या एकाच गोंडवस्तीतली सात माणसं वॉर्डात आली. दोन वर्षांत त्या वस्तीतली बावीस माणसं खोकल्यानं धरली होती, त्यातली नऊ गेली होती. असं का झालं याचा अहवाल वरून मागवला होता. तो लिहायचं काम डॉक्टर अप्पारावांकडे होतं. ते तरुण आणि मनानं बरे होते. पण त्यांच्या हातातला कागद छापील होता. त्यांनी कोंडाबाईला बादली खाली ठेवायला लावली आणि जंगूबाई आत्राम नावाच्या बाईच्या खाटेशी उभं केलं.

कागदावरचे प्रश्न ठरलेले होते. थुंकता कुठं? एका ताटात जेवता का? दारू पिता का? भगताकडे जाता का?

जंगूबाई पहिल्याच प्रश्नावर बोलायला लागली ती थांबेचना. मध्येच खोकायची, पदरानं तोंड पुसायची, पुन्हा बोलायची. ती थांबल्यावर कोंडाबाई म्हणाली, "हौ."

अप्पाराव चिडले. "इतना बोली वो, और तू सिर्फ हौ बोली?"

"साब, तुम्ही थुंकीचं विचारलं, त्याला हौ. बाकी सगळं तिनं घराचं सांगितलं. तुमच्या कागदावर घराला जागा कुठंय?"

अप्पारावांनी तिच्याकडे पाहिलं. मग छापील कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवून म्हणाले, "बोल."

जंगूबाईचं सांगणं असं होतं. त्यांची घरं डोंगरावर होती, बांबूच्या कुडाची. एका घराचा आवाज दुसऱ्याला जाऊ नये इतकी लांब लांब. कुडातून वारा यायचा, चुलीचा धूर निघून जायचा. मग जंगल खात्याचे लोक आले. हे जंगल राखीव झालं, म्हणाले. जुनी शेतं सोडायला लावली, झोपड्या पेटवल्या आणि सगळ्यांना खाली सडकेच्या कडेला आणून बसवलं. तिथं मातीच्या जाड भिंतींच्या खोल्या होत्या, एका ओळीत, एकीला एक चिकटून. प्रत्येकीला एकच दार, खिडकी नाही. जंगूबाईच्या खोलीत अकरा माणसं निजायची. शेत गेलं तशी पोटाची कुटकी, ते बारीक धान्य, गेली. मोह वेचायला गेलं की जंगलाचा गार्ड टोपली उलटी करायचा. पोटासाठी पुरुष लाकडाच्या डेपोवर गेले. तिथून तिचा दीर खोकला घेऊन आला आणि त्याच खोलीत सगळ्यांच्या मध्ये निजला. जवळचा दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर. एकदा त्याला नेला, पंधरा सुया टोचल्या, बरं वाटलं म्हणून तो परतला. पुढच्या सुयांसाठी दर खेपेला दोन दिवस कोण चालणार?

"आम्ही डोंगरावरही एका ताटातच जेवत होतो," जंगूबाई शेवटी म्हणाली. "तेव्हा नाही मेलो."

हे वाक्य कोंडाबाईनं जसंच्या तसं सांगितलं. अप्पारावांनी ते लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

अहवाल टाइप होऊन आला तेव्हा मागच्या बाजूचा सगळा मजकूर गायब होता. कारणांच्या रकान्यात दोनच शब्द होते : अज्ञान, अस्वच्छता. हेडक्लार्क भगवंतराव शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, जंगल खातं सरकारचं आणि दवाखानाही सरकारचाच. सरकारनं सरकारकडे बोट दाखवायचं का?"

अप्पाराव पुढच्या रोग्याकडे वळले. कोंडाबाई मात्र आठवडाभर धुमसत राहिली.

त्याच दसऱ्याला देवराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी घरातले देव काढून टाकले आणि बायकोला समोर बसवून म्हणाले, "आजपासून कुणापुढं वाकायचं नाही. तू नाही, मी नाही."

"मी तर रोज फरशीला वाकते," कोंडाबाई हसून म्हणाली. पण वाक्य तिच्या मनात रुतलं.

नोव्हेंबर लागला आणि हैदराबाद राज्य राहिलं नाही. किनवट मुंबई राज्यात गेलं. कचेरीत कपाटं रिकामी होऊ लागली, फायलींचे गठ्ठे बांधले जाऊ लागले. आठ दिवसांनी भगवंतराव वॉर्डात आले. हातात सात कागद आणि शाईची डबी.

"हे पेशंट आता आपले नाहीत," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीनं किनवटला जातील. कोंडाबाई, यांना सांग, औषधाचा कागद आहे, अंगठा करा."

कागद पलीकडच्या राज्यात जायचे म्हणून मराठीत होते. देवरावांनी बायकोला अक्षरं शिकवली होती. तिनं बोट फिरवत सावकाश वाचलं : आम्ही स्वखुशीनं दवाखाना सोडून जात आहोत.

सुयांचा तिसरा महिना चालला होता. अजून निदान नऊ-दहा महिने बाकी होते.

कोंडाबाई खाटांच्या मधोमध उभी राहिली आणि खणखणीत गोंडीत बोलली, "हा औषधाचा कागद नाही. तुम्ही आपल्या मर्जीनं चाललात असं लिहिलंय. जायचं असेल त्यानं अंगठा द्यावा. राहायचं असेल त्यानं देऊ नये."

जंगूबाईनं मूठ वळली आणि छातीशी धरली. एकेकानं हात काखेत घातले. कोपऱ्यातला म्हातारा इतका हसला की त्याला उबळ आली.

"काय सांगितलंस यांना?" भगवंतरावांचा चेहरा लाल झाला.

"लिहिलंय ते."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या. पण साहेब, एक करा. 'यांना अर्ध्या औषधावर मी घालवतो' असं लिहा आणि खाली तुमची सही ठोका. मग यांची बोचकी मी स्वतः फाटकापर्यंत नेते."

भगवंतरावांनी अप्पारावांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही करा सही."

अप्पारावांच्या कपाळावर घाम होता. "मैं नहीं करता," ते म्हणाले. एवढंच.

सही कुणीच केली नाही. सही नाही म्हणून डिस्चार्ज नाही, आणि डिस्चार्ज नाही म्हणून खाटा तशाच भरलेल्या राहिल्या. दोन राज्यांच्या कचेऱ्या एकमेकींना पत्रं लिहीत बसल्या. इकडे सुया चालू राहिल्या.

कोंडाबाईची बदली धोबीघाटात झाली. रोग्यांच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या. माफी लिहून दे, वॉर्डात परत घेतो, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "कशाची?"

म्हातारा संक्रांतीच्या आधी गेला. एक जण शिमग्याला घरच्या ओढीनं पळाला, त्याचं पुढं काही कळलं नाही. बाकीचे पाच औषध पुरं करून गेले. जंगूबाई निघताना धोबीघाटावर आली. सडकेकडच्या खोलीत परत जाणार नाही, म्हणाली. डोंगरावरच्या जुन्या शेताच्या बांधावर कुडाचं घर घालणार.

"गार्ड पेटवील," कोंडाबाई म्हणाली.

"मग दुसरं घालीन. जंगलात बांबू पुष्कळ आहे."

अप्पारावांनी तो गाळलेला मजकूर पुन्हा हातानं लिहून आपल्या नावानं वर पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. वर्षभरानं त्यांची बदली झाली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात अलीकडच्या, आदिलाबादच्या डोंगरांतून चार गोंड बायका दाखल झाल्या. डॉक्टर नवे होते, छापील कागद तेच. भगवंतराव चिखल चुकवत धोबीघाटावर आले आणि म्हणाले, "चल, तुझी गरज आहे."

"वॉर्डात कायमची घ्याल तर येते. आणि तुमच्या मनातलं नाही, कागदावर असेल तेच त्यांना सांगीन, न् त्या बोलतील ते सगळं डॉक्टरांना."

"बरं बाई, बरं. चल आता."

"थांबा, ह्या चादरी पिळून होऊ द्या," कोंडाबाई म्हणाली आणि मान न वळवता पिळत राहिली. भगवंतराव छत्री धरून उभे राहिले.