उजव्या हाताची नाडी

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा त्याचे ओठ पाहून सुईणीने आईला विचारलं होतं, जांभळं खाल्ली होतीस का. आई ही गोष्ट कधी हसून सांगायची, कधी न हसता. तो सहा वर्षांचा झाला तरी ओठ आणि नखं जांभळीच राहिली. रडला की आणखी काळवंडायची. थोडं धावला की तो मध्येच उकिडवा बसायचा, गुडघे पोटाशी घट्ट धरून, मान खाली घालून. दम परतला की उठायचा. शाळेतली पोरं त्याला ‘बसका’ म्हणायची, मास्तर छडी दाखवून उभं करायचे आणि आई काकुळतीला यायची, “बाळा, चारचौघांत असं बसू नगं.”

वडील पाटकरी होते. कोपरगावच्या बाजूला कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे कोणाच्या उसाला कधी सोडायचं, ते पाहण्याचं काम. पाळी सुरू असली की दोन-दोन दिवस घरी येत नसत. स्वभावाने मितभाषी, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर घुमे. घरातले निर्णय ते मनातल्या मनात घेत आणि आम्हाला त्यांचा पत्ता सगळं होऊन गेल्यावर लागे. त्या काळी सगळेच बाप असे होते म्हणतात. मला ते तेव्हाही पटत नव्हतं.

नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी भावाची छाती तपासली आणि मुंबईच्या एका सर्जनचं नाव सांगितलं. ते परदेशात शिकून आले होते आणि जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांची ऑपरेशनं करत होते. असं काम करणारी माणसं तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकी होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पोराच्या काळजाला सुरी लावायला निघाला म्हणून आळीतली माणसं वडिलांशी बोलेनाशी झाली. वडिलांना त्याचा फारसा त्रास झाला नसावा, ते तसेही कुणाशी बोलत नसत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही चौघं मुंबईला गेलो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भाऊ चालता चालता उकिडवा बसला. आई त्याला उठवायला धावली, तर समोरून येणाऱ्या एका उंच, किंचित पोक आलेल्या माणसाने तिला हाताने थांबवलं आणि पांढऱ्या कोटासकट तोही भावासमोर तसाच उकिडवा बसला. तेच आमचे सर्जन.

“बसू द्या त्याला,” ते म्हणाले. “असं बसलं की फुप्फुसाकडे थोडं जास्त रक्त जातं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याचं त्याने शोधलंय.”

आईने पदर तोंडाला लावला. ज्या बसण्यासाठी पोराने जन्मभर बोलणी खाल्ली, त्या बसण्यानेच तो तगला होता.

मग त्यांनी वडिलांना आत बोलावलं. एकट्यांना. आई आणि मी बाहेर बाकावर बसून राहिलो. रीतच होती तशी. होकार पुरुषाने द्यायचा, म्हणून समजावायचंही पुरुषालाच. बऱ्याच वेळाने वडील बाहेर आले. आईने विचारलं, “काय म्हनले?” वडील म्हणाले, “करायचं म्हनले.” एवढ्यावर आमची समजूत काढून झाली.

ऑपरेशन झालं. पुढच्या भेटीला मला आत सोडलं तेव्हा माझ्या भावाच्या ओठांचा खरा रंग मी पहिल्यांदा पाहिला. गुलाबी होता. मी तिथेच रडायला लागले आणि नर्सने मला बाहेर काढलं.

गावी परत आलो. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी पुणतांब्याहून एक म्हातारे वैद्यबुवा येत आणि देवळाच्या ओट्यावर बसत. भला माणूस. भावाला ते लहानपणापासून काढे देत आले होते. वडील कालव्यावर गेले होते म्हणून आईच त्याला बुवांना दाखवायला घेऊन गेली. मी बरोबर होते. पुरुषाची नाडी उजव्या हाताची पाहायची आणि बाईची डाव्या हाताची, हा बुवांचा नेम. त्यांनी भावाचा उजवा हात हातात घेतला. बोटं ठेवली. सरकवून पुन्हा ठेवली. भावाला स्वस्थ बसायला सांगून डोळे मिटले आणि पुन्हा पाहिलं. हात गार लागत होता, नाडी नव्हती. त्यांनी हात हळूच खाली ठेवला.

“घरी ने बाई,” ते म्हणाले. “मागंल ते खाऊ घाल.”

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. आई घरी आली आणि तिने पुरण शिजत घातलं. श्रीगोंद्याला मामाला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगण माणसांनी भरलं. भाऊ जन्मात कधी जेवला नव्हता तसा जेवला, दम न लागता, एकावर एक पोळ्या. आणि जेवून अंगणभर पळत सुटला. तो पळत होता आणि बायका त्याच्याकडे बघून डोळे पुसत होत्या. मी आईला म्हटलं, “अगं, तो एकदाबी बसला न्हाई, बघ तरी.” आई म्हणाली, “इझायच्या आधी दिवा असाच मोठा व्हतो.” मला तिचा इतका राग आला की मी आत जाऊन बसले. खरं तर मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

तिसऱ्या प्रहरी वडील आले. अंगणातली माणसं पाहून त्यांच्या हातून सायकल सुटली. मग गर्दीतून पळत येणारा मुलगा दिसला आणि ते तिथेच मातीत बसले. काय झालं ते मामाने सांगितलं. वैद्यबुवाही आले होते. त्यांना चैन पडली नव्हती.

वडिलांना एका वेळी इतकं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. फुप्फुसाकडे जाणारी पोराची वाट जन्मतःच चिंचोळी. ती उघडण्याएवढा तो मोठा नव्हता. म्हणून डॉक्टरांनी उजव्या हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तोडून तिचं तोंड फुप्फुसाच्या वाहिनीला शिवलं. एका चारीचं पाणी दुसऱ्या चारीला फिरवावं, तसं. हाताला आजूबाजूच्या बारक्या वाहिन्या पुरतात, पण नाडी लागत नाही, आणि हात कदाचित वाढीत थोडा मागं राहील.

त्यांनी बुवांची बोटं भावाच्या डाव्या मनगटावर ठेवली. तिथे नाडी चांगली लागत होती. बुवांचा चेहरा उतरला. “पुरुसाचा डावा हात म्या कदी धरलाच न्हाई,” ते म्हणाले.

आई वडिलांकडे बघत होती. “तुमाला हे म्होरंच ठाव हुतं?”

“व्हय.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“तू न्हाई म्हनली असतीस.”

“व्हय,” ती म्हणाली, “न्हाईच म्हनले असते.” मग ती रडली, बुवांकडून आल्यापासून पहिल्यांदा. वडिलांनी भावाचा सदरा वर करून उजव्या बाजूची गळ्याच्या हाडाखालची जागा दाखवली आणि म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, इथं कान लाव. तिने लावला. लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर चालली होती. आईने मलाही ऐकवली, मामाला ऐकवली, शेवटी वैद्यबुवांनाही. त्यानंतर रोज सकाळी तो उठायच्या आत ती कान लावून बघायची आणि मगच चूल पेटवायची.

तपासणीला मुंबईला गेलो तेव्हा वडिलांनी हा किस्सा सर्जनना सांगितला. ते हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, “बाई बाहेर बसल्यात का? त्यांना आत बोलवा.” तेव्हापासून दर वेळी आई आत जायची.

मग दुष्काळ आला, कालवा कोरडा पडला, आणि माझा भाऊ त्याच कालव्यात पोरांबरोबर पळून पळून गुडघे फोडून घेऊ लागला. त्या वर्षी आमच्या भागात सुखी माणूस शोधायला गेलं असतं तर तो एकटाच सापडला असता. पण तो वाढत होता आणि हाताकडून वळवलेलं रक्त वाढत्या अंगाला पुरेना. ओठ पुन्हा काळवंडू लागले. पळता पळता तो एक दिवस उकिडवा बसला, आणि त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

या वेळी सर्जन आईशीच बोलले. वडील आणि मी मागे उभे होतो. हृदय थांबवून, रक्त मशिनमधून फिरवून, त्याच्या आतल्या पडद्याला जन्मतःच असलेलं छिद्र बुजवायचं आणि मूळ वाट मोकळी करायची. मग जुना जोड बांधून टाकायचा, म्हणजे ती घरघर बंद होईल. “एवढ्या लहान मुलांवर हे मी फार थोड्या वेळा केलंय,” ते म्हणाले. “त्यातली काही परत आलेली नाहीत. नाही केलं तर तो आणखी काही वर्षं काढेल, पण बसून.”

आईने विचारलं, “तुमचं सोताचं पोर असतं तर?”

“भीत भीत केलं असतं,” ते म्हणाले. “पण केलं असतं.”

“मग करा,” आई म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भाऊ चाकांच्या खाटेवरून आत गेला. ऊन व्हरांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं तेव्हा सर्जन बाहेर आले. डोक्याची टोपी हातात होती. त्यांना सांगावं लागलं नाही. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्या सर्जनचा असा संताप आला की त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. ते आमच्या बाकावर, आईच्या शेजारी येऊन बसले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर बघत हळू आवाजात ती म्हणाली, “तुमी इचारलं हुतं मला. म्याच करा म्हनले.”